सोनेगावची रात्र आणि पिस्टनभोवतीची फट

१

१९८८ च्या मे महिन्यात माझ्या हातून एक इंजिन गेले आणि एका तरुणाच्या खांद्याचे हाड मोडले. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि नागपुरातल्या एका बोरिंगच्या कारखान्यात उमेदवारी करत होतो. झिजलेले सिलिंडर घासून थोडे मोठे करायचे आणि त्यात पुढच्या मापाचा पिस्टन बसवायचा, हे आमचे रोजचे काम. त्या तरुणाला आपल्या बुलेटमधून जास्त ताकद हवी होती. त्यासाठी त्याने दुसरीकडून सिलिंडरच्या हेडची बैठक घासून आणली होती, म्हणजे आतला दाब वाढवून घेतला होता. आमच्याकडे काम होते ते फक्त पिस्टनचे.

उस्ताद गावाला गेले होते. बुलेटच्या ७० मिलिमीटरच्या पिस्टनला ते चार ते साडेचार ‘थाऊ’ फट ठेवत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मला वाटले, फट जितकी कमी तितके काम सुबक. मी अडीचच ठेवली. इंजिन सुरू झाले तेव्हा त्याचा आवाज असा काही गोड होता, की मी दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी वर्धा रोडवर, भर वेगात, पिस्टनने सिलिंडर धरला. मागचे चाक जागच्या जागी थांबले आणि तो मुलगा रस्त्यावर फेकला गेला.

उस्तादांनी परतल्यावर इंजिन उघडले. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते, ते मला अपेक्षित होते. परंतु पिस्टनच्या माथ्यावर, एका कडेला, बारीक वाळूचा मारा बसावा तसे खड्डे पडले होते. उस्तादांनी त्यावरून बोट फिरवले आणि मला विचारले, “काहून बे, पेट्रोल कोणतं टाकते हे विचारलं होतं का त्याला?”

मी विचारले नव्हते. फट कमी ठेवली हे माझे चुकलेच होते, पण पिस्टन बसवणाऱ्याने पेट्रोलची चौकशी कशासाठी करायची, हे मला कळेना. पुढे समजले, की त्याने पेट्रोल सुट्या कॅनमधून घेतले होते आणि त्यात रॉकेलची भेसळ होती. उस्ताद एवढेच म्हणाले, “सोनेगावले आमी आधी पेट्रोलचा रंग पाहू, मग इंजिनाले हात लावू.”

उस्ताद तरुणपणी काही वर्षे सोनेगाव विमानतळावर रात्रपाळीचे मदतनीस होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. त्या एका वाक्यामागे मी पुढची पस्तीस वर्षे जमेल तसा वाचत राहिलो. सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांतून इंजिनांची माहितीपुस्तके गोळा केली आणि शब्दकोश शेजारी ठेवून ती समजून घेतली. मी इंजिनिअर नाही. या लेखात जे मांडतो आहे ते एका कारागिराने इतिहासाकडे पाहिलेले आहे. स्वतंत्र भारताची टपाल ज्या इंजिनांनी वाहिली, त्यांची ताकद दोन मापांवर उभी होती. एक, पिस्टनभोवतीची फट. दुसरे, टाकीतल्या इंधनाचा अंक. ही दोन मापे वेगवेगळी ठरवता येत नाहीत, आणि ती जिथे ठरली ते ठिकाण नागपूरपासून फार दूर होते.

२

मी आता बेसा येथे राहतो. माझ्या लहानपणी बेसा म्हणजे शेते आणि विहिरी असलेले गाव होते. आज इथे इमारतींच्या रांगा आहेत. रात्री गच्चीवर उभे राहिले, की सोनेगावला उतरणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. याच आकाशात १९४९ पासून दर रात्री चार दिशांनी चार विमाने येत.

योजना साधी आणि धाडसी होती. संध्याकाळनंतर मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. कलकत्त्यात संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचत असे. देशाच्या मध्यावर असण्याचा मान नागपूरला नकाशावर पूर्वीपासून होता; या सेवेने तो कामाला लावला.

रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. रात्रीची उड्डाणे परवडणार नाहीत, असे बड्या विमान कंपन्यांचे म्हणणे होते. किडवाईंनी ते मानले नाही. ३० जानेवारी १९४९ रोजी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या कंपनीच्या विमानांनी सेवा सुरू झाली. मध्ये काही महिन्यांचा खंड पडला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून हिमालयन एव्हिएशनने ती पुन्हा चालू केली. १ ऑगस्ट १९५३ रोजी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि रात्रीची टपाल इंडियन एअरलाइन्सकडे आली.

या सेवेविषयी जे थोडेफार लिहिले गेले त्यात मंत्री आहेत, कंपन्या आहेत, वैमानिक आहेत, टपालखाते आहे. इंजिन नाही. खरे तर अशी सेवा दहा वर्षे आधी कुणाच्या मनात आली असती तरी ती चालली नसती. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणली ती पस मॉथ या लहान विमानातून. त्याच्या इंजिनाची ताकद १२० अश्वशक्ती होती. वाटेत अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आले, ही आठवण प्रसिद्ध आहे. सतरा वर्षांनंतर सोनेगावला उतरणाऱ्या डाकोटा विमानाला दोन इंजिने होती आणि त्यातल्या प्रत्येकाची ताकद १२०० अश्वशक्ती होती.

इंजिन मोठे केले की ताकद वाढते, हे कुणालाही कळेल. पण हिशेब करून पाहावा. पस मॉथचे इंजिन सुमारे सव्वापाच लिटरचे; म्हणजे लिटरमागे तेवीस अश्वशक्ती. डाकोटाचे इंजिन तीस लिटरचे, लिटरमागे चाळीस. तेवढ्याच जागेतून पावणेदोन पट ताकद काढली गेली. ही जास्तीची ताकद आली कुठून आणि तिचा ताप कुणी सोसला, हा माझ्या शोधाचा खरा विषय.

३

डाकोटाचे इंजिन अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे. नाव ट्विन वास्प. चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन चक्रांत, मधल्या दांड्याभोवती सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले. प्रत्येक सिलिंडरचा व्यास साडेपाच इंच आणि पिस्टनचा फेराही साडेपाच इंच. पाणी नाही, सिलिंडर थंड होतात ते समोरून येणाऱ्या हवेने.

सिलिंडरची भिंत पोलादाची आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. ॲल्युमिनियम हलके असते आणि माथ्यावरची उष्णता चटकन खाली वाहून नेते, म्हणून ते निवडले. पण त्याची एक खोड आहे. तापले की ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. आपल्याकडच्या विहिरींवर जी मंदगती डिझेल इंजिने चालत, त्यांच्यात बिडाच्या सिलिंडरात बिडाचाच पिस्टन असे. दोघे सारखेच फुगत, म्हणून फट थोडकी पुरे. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने किंवा १९४६ मध्ये खडकीला सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने ज्या शेतकऱ्याची गरज ओळखली, त्याला पाच-दहा अश्वशक्ती पुरत होती आणि इंजिनाचे वजन जमिनीला पेलत होते. विमानात प्रत्येक किलोला जाब द्यावा लागतो. तिथे ॲल्युमिनियमला पर्याय नव्हता.

मी वहीत मांडलेला एक ढोबळ हिशेब इथे देतो. साडेपाच इंच म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर. पिस्टनची कड दोनशे अंश सेल्सियसने तापली असे धरू आणि सिलिंडरची भिंत एकशेवीस अंशांनी. पिस्टनचा व्यास साधारण ०.६४ मिलिमीटरने वाढेल, सिलिंडरचा ०.१९ ने. फरक ०.४५ मिलिमीटर, म्हणजे अठरा थाऊ. बुलेटच्या पिस्टनला उस्ताद जी फट ठेवत तिच्या चौपट. इतकी जागा थंड असताना मोकळी ठेवली नाही, तर पूर्ण ताकदीला पिस्टनला जागाच उरत नाही.

बरे, पिस्टन सगळीकडे सारखा तापतही नाही. माथा ज्वाळेखाली असतो, तो सर्वांत गरम. खालचा घेर त्यामानाने थंड. म्हणून पिस्टन वर किंचित बारीक आणि खाली किंचित रुंद घडवतात. सिलिंडरचेही तसेच. हवेने थंड होणाऱ्या विमान-इंजिनांत सिलिंडरचे वरचे टोक पुष्कळदा मुद्दाम थोडे अरुंद घासलेले असते; वरचा भाग जास्त तापतो आणि कामाच्या वेळी भिंत सरळ होते. थंड इंजिनावर माप घेतले तर त्यातले एकही माप ‘बरोबर’ वाटत नाही. कारखान्यातल्या टेबलावर वाकडा दिसणारा पिस्टन आकाशात सरळ असतो.

याची किंमत थंड असताना मोजावी लागते. सैल पिस्टन भिंतीवर आपटतो, त्याचा खडखडाट होतो आणि रिंगांच्या कडेने तेल वर झिरपते. सूर्यफुलासारख्या मांडणीत खालचे सिलिंडर उलटे टांगलेले असतात. विमान उभे असताना तेल पाझरत त्यांच्यात साठते. त्या अवस्थेत इंजिन एकदम सुरू केले, तर न दबणाऱ्या तेलावर पिस्टन आदळून पिस्टनचा दांडा वाकतो. म्हणून सुरू करण्याआधी मदतनिसांनी पंख्याची पाती हातांनी ओढून इंजिनाला फेरे द्यायचे, हा नियम. उस्ताद हेच काम करत. नागपूरच्या जानेवारीत धातूचे पाते कसे हाताला चावते, हे ते हात चोळत सांगत. इंजिन धरले, की आधी निळ्या धुराचा लोट निघे. बघ्यांना वाटे इंजिन जुने झाले. तो धूर फट मोठी ठेवल्याची पावती होती. मग तेल ठरावीक तापमानाला येईपर्यंत वैमानिक मंद गतीवर थांबत. ती काही मिनिटे म्हणजे पिस्टनला आपल्या मापाचा होऊ देण्याची मुदत.

४

आता इंधनाकडे येतो.

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगीपासून पेटते आणि ज्योत सिलिंडरभर सरकत जाते. ती पोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकले, तर खटका बसतो. आपण त्याला इंजिन ‘नॉक’ करते म्हणतो. चढावर जड ट्रक जो खटखट आवाज करतो तोच प्रकार. मोटारीत तो ऐकू येतो. विमानात पंख्यांच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही, आणि म्हणून तो अधिक घातक ठरतो.

खटक्याचे नुकसान दुहेरी आहे. पिस्टनच्या माथ्यावर एरवी स्थिर वायूचा पातळ थर असतो. तो धातूला ज्वाळेपासून थोडा आडोसा देतो. खटक्याची लाट तो थर उडवून लावते. उष्णता थेट धातूत शिरते. पिस्टन हिशेबापेक्षा जास्त तापतो, हिशेबापेक्षा जास्त फुगतो आणि ठेवलेली फट खाऊन टाकतो. माझ्या बुलेटचे हेच झाले होते. अडीच थाऊ ही चूक माझी होती, पण भेसळीच्या पेट्रोलापुढे आणि वाढवलेल्या दाबापुढे चार थाऊही किती टिकले असते, सांगता येत नाही. माथ्यावरचे खड्डे त्या खटक्याचे होते. उस्तादांनी ते बोटाने वाचले.

म्हणजे फट ठरवणाऱ्याला इंधन माहीत असावे लागते आणि इंधन बदलणाऱ्याला फट. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात ब्रिटनमध्ये हॅरी रिकार्डो यांनी हा खटका पद्धतशीर अभ्यासला. अमेरिकेत १९२१ च्या डिसेंबरात टॉमस मिडग्ली यांना शिशाचे एक संयुग सापडले. ते चिमूटभर घातले तरी पेट्रोलचा खटका दबतो. ते विषारी आहे हेही तेव्हापासूनच दिसू लागले होते, पण ताकदीच्या मोहापुढे ती गोष्ट अर्धशतक मागे पडली. मग १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंधन मोजण्याची पट्टी आली. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० गुण, हेप्टेनला शून्य, बाकी सारी इंधने त्यांच्या तुलनेत. ‘ऑक्टेन’ हा शब्द तिथून आपल्या पेट्रोल पंपापर्यंत पोचला.

१९३० च्या दशकात शेल कंपनीत जेम्स डूलिटल नावाचे वैमानिक काम करत होते. पुढे १९४२ मध्ये टोकियोवर हल्ला करून ते जगप्रसिद्ध झाले. शंभर ऑक्टेनचे इंधन मागणारे इंजिन बाजारात नव्हते, कारण तसे इंधन नव्हते. आणि इंधन कुणी बनवत नव्हते, कारण तसे इंजिन नव्हते. डूलिटल यांनी कंपनीला आधी इंधन बनवायला लावले आणि अमेरिकन लष्कराला ते वापरून पाहायला लावले. १९४० मध्ये ब्रिटनच्या लढाईत त्याचा अर्थ जगाला कळला. तेच मर्लिन इंजिन, तेच आकारमान; केवळ शंभर ऑक्टेन इंधनामुळे आत जास्त दाबाने हवा कोंबता आली आणि अश्वशक्ती हजाराच्या आसपासवरून तेराशेच्या पुढे गेली.

शंभराच्या पुढे ऑक्टेनची पट्टी अपुरी पडली, तेव्हा दोन अंक लिहायची पद्धत आली. १००/१३० यातला पहिला अंक पातळ मिश्रणासाठी, दुसरा दाट मिश्रणासाठी. दाट मिश्रणातले जास्तीचे पेट्रोल जळून ताकद देण्यापेक्षा वाफ होताना उष्णता शोषून घेते. उड्डाणाच्या त्या मिनिटभरात पेट्रोल इंधनाबरोबर थंडाव्याचेही काम करते. चूक होऊ नये म्हणून प्रत्येक प्रतीला रंग असे. ८०/८७ तांबडे, ९१/९६ निळे, १००/१३० हिरवे, ११५/१४५ जांभळे. उस्तादांचे ‘पेट्रोलचा रंग पाहू’ ते हेच.

५

हे सारे सोनेगावच्या धावपट्टीवर आणून पाहू.

मे महिन्याची रात्र. दिवसा पंचेचाळीस अंशांपर्यंत भाजलेली जमीन अजून उष्ण आहे. गरम हवा विरळ असते, म्हणून पंखे आणि पाती दोन्हींची पकड कमी पडते आणि विमान जास्त धाव घेते. सिलिंडरांना थंड करणारी हवाही हीच. वैमानिक मिश्रण दाट करतो, गती मिनिटाला २७०० फेऱ्यांवर नेतो. सिलिंडरच्या हेडचे तापमान दाखवणारा काटा २६० अंशांच्या पुढे जाता कामा नये. अठ्ठावीस पिस्टन आपापल्या फटीत जेमतेम सरकत आहेत. टाकीत हलक्या प्रतीचे इंधन गेले असेल किंवा पाणी मिसळले असेल, तर ते कळण्याची वेळ हीच असते आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून रात्रीच्या त्या दोन-अडीच तासांत, थैल्यांची धावपळ चालू असताना, विमानाच्या पोटाखाली दुसरे काम चाले. टाकीच्या तळाची झडप उघडून थोडे इंधन काचेच्या भांड्यात घ्यायचे. पाणी खाली बसलेले दिसते. रंग दिव्यासमोर धरून पाहायचा. डब्यातून इंधन भरायचे असेल तर मऊ चामड्यातून गाळायचे. चामडे पेट्रोल जाऊ देते, पाणी अडवते. या कामाची नोंद कुठल्या गौरवग्रंथात नाही.

काम चुकले तर काय होते याची जाणीव तिथल्या प्रत्येकाला होती. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे डाकोटा सोनेगावहून उडाल्यानंतर थोड्याच वेळात कोसळले. चौदांपैकी तेरा जण गेले. वाचला तो वैमानिक. उस्ताद त्या रात्रीविषयी फारसे बोलत नसत. एकदाच म्हणाले, की त्यानंतर कितीतरी दिवस पाती ओढताना कुणी थट्टामस्करी केली नाही.

इंधन किती लागे, याचाही अंदाज मी काढून पाहिला. नागपूरपासून मुंबई सुमारे सातशे किलोमीटर, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे, कलकत्ता साडेनऊशेहून थोडे जास्त. चारही विमानांचे जाणे-येणे मिळून जवळजवळ सात हजार किलोमीटर. डाकोटा ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरने उडे आणि ताशी साडेतीनशे लिटरच्या आसपास पेट्रोल पिई. म्हणजे देशाची पत्रे एका रात्रीत पोचवायला नऊ-दहा हजार लिटर ऊंची पेट्रोल जळत होते.

हे पेट्रोल आपले नव्हते. १९४९ मध्ये भारतात चालू तेलशुद्धीकरण कारखाना एकच होता, आसामातला दिगबोई. तुर्भ्याचे दोन कारखाने १९५४ आणि १९५५ साली उभे राहिले. विमानाचे पेट्रोल बोटीने येई. विमानेही आपली नव्हती. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळाली आणि त्यांच्यावर डझनभर कंपन्या उभ्या राहिल्या. पन्नास साली न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने या कंपन्यांच्या खर्चाची आणि तोट्याची चौकशी केली. विमान स्वस्त मिळाले होते, पण ते चालवणे स्वस्त नव्हते. पेट्रोलवरच्या जकातीत सूट देऊनही अनेक कंपन्या तगल्या नाहीत.

मला यातून एक गोष्ट दिसते. पिस्टनची फट आणि इंधनाचा अंक या दोन्ही गोष्टी कनेक्टिकटच्या कारखान्यात, तेल कंपन्यांच्या प्रयोगशाळांत आणि युद्धाच्या गरजेत एकत्र ठरल्या होत्या. आपण यंत्र घेतले आणि त्याच्याबरोबर इंधनाची अटही घेतली. प्रॅट अँड व्हिटनीने युद्धकाळात या इंजिनाचा थोरला भाऊ काढला, तोही हेच सांगतो. सिलिंडरचा व्यास पाव इंचाने वाढवून ताकद १४५० अश्वशक्तीपर्यंत नेली. शंभर ऑक्टेनचा तुटवडा पडला तर सत्त्याऐंशीवरही भागावे, हा विचार त्या आखणीत होता. स्कायमास्टर विमानांना ती इंजिने होती. इंधनाची शंका आली, की व्यास बदलायचा अधिकार ज्याच्याकडे होता त्याने तो वापरला. आपल्याकडे तो अधिकार नव्हता. आपल्या हाती होते ते ठरलेले माप सांभाळणे.

हे सांभाळणे मी कमी लेखत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला. स्वदेशी विमान हे त्यांचे स्वप्न होते. युद्धाने त्या कारखान्याला दुरुस्तीचे काम दिले. अमेरिकन विमाने आणि इंजिने तिथे उघडली गेली, मोजली गेली, जोडली गेली. युद्धानंतर लष्करी डाकोटांना प्रवासी विमानाचे रूप देण्याचे कामही तिथे झाले. इतिहासात हे ‘केवळ दुरुस्ती’ म्हणून उरकले जाते. ज्याने हजारो थंड पिस्टन मोजले, त्याला गरम पिस्टन कसा असेल हे कळू लागते. या देशात ती समज अशा दुरुस्तीच्या टेबलांवर रुजली.

६

पिस्टनचे राज्य फार टिकले नाही. १९५७ पासून इंडियन एअरलाइन्सकडे व्हायकाउंट विमाने आली. त्यांची इंजिने टर्बाइनची. त्यांना ऑक्टेनची गरज नाही, ती रॉकेलच्या जातीच्या इंधनावर चालतात. ज्या रॉकेलाने माझा पिस्टन खाल्ला, त्याच्या भावंडावर आज सारे जग उडते. १९७३ मध्ये रात्रीची टपालसेवा बंद झाली. आज बेसाच्या पलीकडे मिहानमध्ये मोठ्या जेट विमानांच्या देखभालीचा कारखाना आहे. तिथल्या इंजिनांत पिस्टन नाही, पण पात्याचे टोक आणि आवरण यांमधली फट आहेच, आणि तीही तापल्यावरच्या मापाने ठरते.

शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने मात्र अजून पिस्टनवर चालतात आणि शंभर ऑक्टेनचेच पेट्रोल मागतात. ते आपण आयात करत होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने गुजरातच्या कारखान्यात बनवलेले विमानाचे पेट्रोल बाजारात आणले. वृत्तपत्रांत ती बातमी आतल्या पानावर होती. मी ती कापून उस्तादांच्या जुन्या फीलर गेजच्या डबीत ठेवली आहे. ते असते तर त्यांनी आधी रंग विचारला असता.

इंधन बदलायचे तर धातूलाही विचारावे लागते, हा धडा नागपूरने अलीकडे पुन्हा पाहिला. ऑगस्ट २०१४ मध्ये इथे स्कॅनिया कंपनीची इथेनॉलवर चालणारी बस रस्त्यावर आली. डिझेलच्या जागी इथेनॉल नुसते ओतून ती चालत नव्हती. इथेनॉल दाबाने सहजी पेटत नाही, म्हणून त्या इंजिनाचा दाब सतरा-अठरा पटींवरून अठ्ठावीस पटींवर नेला होता आणि इंधनात पेट घेण्यास मदत करणारे द्रव्य मिसळले होते. इंजिन आणि इंधन तिथे एका टेबलावर बसून ठरले होते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यावर घरोघरी जी चर्चा चालते, तिच्यात इंधनाविषयी पुष्कळ बोलले जाते. जुन्या गाडीच्या धातूविषयी, रबराविषयी आणि मापांविषयी बोलणारा माणूस बहुधा कोपऱ्यावरच्या गॅरेजात असतो, आणि त्याला कुणी विचारत नाही.

शर्यतीच्या गाड्यांसाठी जास्त ताकदीचे इंजिन बांधणारी हौशी मुले आजही माझ्याकडे येतात. त्यांच्या हातात घडीव पिस्टन असतो. ज्या मिश्रधातूचा तो असतो, त्याच घराण्यातल्या धातूचे कॉन्कॉर्ड विमानाचे अंग होते. त्यात सिलिकॉन नावापुरते असते, म्हणून तो चिवट असतो आणि जास्त फुगतो. थंड असताना तो खडखडतो आणि मुले घाबरतात. त्यांना वाटते, फट कमी केली तर आवाज जाईल. मी त्यांना आधी टाकीत काय घालणार ते विचारतो. मग दाब किती, गाडी किती वेळ पूर्ण ताकदीवर राहणार, हवेचे तापमान काय. फटीचा आकडा सर्वांत शेवटी येतो.

त्या बुलेटचा सिलिंडर मी टाकला नाही. ओरखडे तसेच आहेत. तो मुलगा बरा झाला; महिन्याभराने गाडी घेऊन पुन्हा आला. उस्तादांनी नव्या पिस्टनला साडेचार थाऊ फट ठेवली, हेडखाली जाड गॅस्केट घालून दाब उतरवला आणि माप मला घ्यायला लावले. नंतर त्यांनी त्या मुलाला समोर बसवून पेट्रोल कुठून भरायचे ते सांगितले आणि पहिले पाचशे किलोमीटर गाडी जोरात न हाकण्याचे वचन घेतले. इंजिन सुरू झाले तेव्हा थोडे खडखडले. उस्तादांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले, आणि आवाज निवेपर्यंत आम्ही तिघेही काही न बोलता तिथेच उभे राहिलो.